ॲलर्जीच्या घरातील रजई : पुण्याच्या तिन्ही ऋतूंत वापरून पाहिलेल्या पांघरुणांचे परीक्षण

जानेवारीच्या पहाटे पारा दहा-अकरा अंशांपर्यंत उतरतो, एप्रिलच्या दुपारी तो अडतीसच्या पुढे जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या कपड्यांनाही दमट वास येऊ लागतो, अशा पुण्यात वर्षभरासाठी एक पांघरूण निवडणे मुळातच सोपे नाही. त्यात घरात कोणाला धुळीची ॲलर्जी असेल तर निवड आणखी किचकट होते. दुकानदार मात्र एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे रजई किती उबदार हवी. निरनिराळी पांघरुणे वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की ॲलर्जी असलेल्या घराने हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. हे पांघरूण घरच्या यंत्रात साठ अंशांच्या पाण्यात धुता येईल का, आणि धुतल्यावर ते त्याच दिवशी आतपर्यंत वाळेल का, हे आधी पाहावे. त्यानंतर त्याच्या वरच्या कापडाची वीण पाहावी. ऊब ही एकावर एक पांघरुणे घालून कमी-जास्त करता येते. न धुता येणारी रजई धुण्याजोगी मात्र करता येत नाही.

आमच्या घरी मुलीला सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते आणि सासूबाईंना दमा आहे. दोघींच्या त्वचेवरील चाचणीत डस्ट माइटची ॲलर्जी स्पष्ट दिसली. खरेदीच्या आधी ही चाचणी करून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण ‘धुळीची ॲलर्जी’ या नावाखाली बुरशी, परागकण, झुरळे, मांजराचे केस असे बरेच काही येते आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. पिसांची ॲलर्जी असल्याची समजूतही अनेकांची असते. प्रत्यक्षात खुद्द पिसांची ॲलर्जी विरळा आहे, आणि पिसांच्या उशीवर शिंका येणारी बरीचशी माणसे त्या उशीतल्या माइटमुळे शिंकत असतात.

माइट हा कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या पाव ते तृतीयांश भागाएवढा जीव आहे. घरातल्या धुळीमुळे होणाऱ्या ॲलर्जीचे मूळ त्याच्यात आहे हे नेदरलँड्समधील लायडन येथील फॉरहोर्स्ट आणि स्पीक्समा या संशोधकांनी १९६४च्या सुमारास दाखवून दिले. तो चावत नाही, आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांतील प्रथिनांचा. रजई झटकली की हे कण उडतात आणि नाकात जातात. रजईच्या निवडीच्या दृष्टीने त्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की तो पाणी पीत नाही. हवेतला ओलावा शरीरात शोषून घेतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो, आणि सत्तर-ऐंशी टक्के असली तर झपाट्याने वाढतो. साठ अंशांच्या पाण्यात धुतले तर तो मरतो, म्हणूनच सुरुवातीला सांगितलेली ती अट.

हे समजले की पुण्याचे पंचांग वेगळे दिसू लागते. मार्च ते मेचा कोरडा उन्हाळा माइटचा कर्दनकाळ असतो, तर जून ते सप्टेंबर हा त्याच्या सुगीचा हंगाम. आपण रजया माळ्यावरून किंवा दिवाणाच्या पेटीतून काढतो त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे चार महिने दमट अंधारात पडून राहिल्यानंतर. माइट मेले तरी त्यांच्या विष्ठेतील प्रथिने कापडात महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे पहिल्या थंडीत वाढणाऱ्या शिंकांचे खापर आपण गार वाऱ्यावर फोडतो तेव्हा त्यातला काही वाटा अंगावर घेतलेल्या रजईचाही असतो. आपल्याकडे रजईची परीक्षा थंडीत होत नसून पावसाळ्यात होते, हे ध्यानात ठेवूनच पुढील मते वाचावीत.

सुरुवात गादी कारखान्यातून भरून घेतलेल्या कापसाच्या रजईपासून करते, कारण बहुतेक मराठी घरांत तीच असते. तिच्यासारखी ऊब दुसऱ्या कशाला नाही. अंगावर तिचा जो भार जाणवतो त्याने अनेकांना गाढ झोप लागते, आणि कापूस घाम टिपून घेत असल्याने तिच्यात चिकचिक होत नाही. पण ॲलर्जीच्या घरासाठी तिची शिफारस मी करणार नाही. ही रजई धुता येत नाही. धुतली तर कापसाच्या गुठळ्या होतात आणि आतला कापूस दोन-तीन उन्हे दिली तरी ओलसर राहतो. वर्षा-दोन वर्षांनी कापूस दबला की तो पुन्हा पिंजून घ्यावा लागतो, आणि पिंजताना धुरळा कितीही उडाला तरी बारीक तंतू व जुना कोंडा पुष्कळसा आतच राहतो. वरचे कापड बहुधा विरळ विणीचे असते, कारण जाड सुईने टाके घालणे त्यावर सोपे जाते. सासूबाईंना मात्र याच रजईची सवय होती. शेवटी तडजोड म्हणून तिला पूर्ण बंद होणारी, चेन लावलेली, घट्ट विणीची खोळ घातली. त्यामुळे रजई टिकली, पण तिचे वजन वाढले आणि खोळ धुण्यासाठी दर वेळी ती बाहेर काढणे हे दोघांचे काम होऊन बसले. सावरीच्या कापसाबद्दलही माझे मत असेच आहे. तो हलका आणि मऊ असतो, पण त्याचा भुगा लवकर होतो.

जयपुरी रजईचे तसे नाही. पातळ मलमली कापडात अगदी थोडा, बारीक पिंजलेला कापूस आणि त्यावर जवळजवळ घातलेले हातटाके, अशी तिची घडण असल्यामुळे कापूस जागेवरून फारसा हलत नाही. ‘शंभर ग्रॅम कापसाची रजई’ असे विक्रेते सांगतात त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण वजनाला ती खरोखरच हलकी असते. पुण्याच्या नोव्हेंबर आणि फेब्रुवारीसाठी ती उत्तम. अडचण आहे ती कापडाची. मलमल इतकी झिरझिरीत असते की माइटच्या विष्ठेचे कण त्यातून सहज ये-जा करतात, आणि ठशांचे रंग गरम पाण्यात टिकत नाहीत म्हणून बहुतेक विक्रेते गार पाण्यात, हाताने धुवायला सांगतात. गार पाण्याने कापडातली प्रथिने बऱ्यापैकी निघून जातात, कारण ती पाण्यात विरघळतात. जिवंत माइट मात्र बहुतांशी तसेच राहतात. सौम्य त्रास असलेल्या माणसाने ती दर पंधरवड्याला धुण्याची तयारी ठेवली तर चालून जाईल.

आता पिसांच्या रजईविषयी. एका नातेवाइकांनी जर्मनीहून हंसाच्या मऊ पिसांची रजई आणली तेव्हा घरात पहिली प्रतिक्रिया ‘ॲलर्जीच्या माणसाला पिसे?’ अशीच होती. परंतु या बाबतीत लोकांचा समज आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे उशांचा एक अभ्यास झाला होता, तो १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिसांच्या उशांपेक्षा पॉलिएस्टरच्या उशांमध्येच माइटची प्रथिने अधिक सापडली. याचे एक सरळ स्पष्टीकरण कापडात आहे. पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून अशा उशीचे कापड अत्यंत घट्ट विणावे लागते, आणि जे पिसाचे टोक बाहेर येऊ देत नाही ते माइटलाही आत जाऊ देत नाही. जर्मनीत अशा घट्ट कापडाच्या पिसांच्या रजयांना ‘नोमाइट’ नावाचे चिन्हही दिले जाते. आमच्याकडील रजईवर ते होते, आणि डिसेंबर-जानेवारीत ती वापरताना मुलीला वेगळा असा काही त्रास झाला नाही. तरीही पुण्यात विकत घेण्यासाठी मी ती सुचवणार नाही. एक तर फेब्रुवारी उजाडताच ती असह्य गरम होते. दुसरे म्हणजे पिसे पूर्ण वाळायला यंत्रातल्या गरम हवेचा ड्रायर लागतो, तो आपल्या घरांत क्वचितच असतो, आणि ओलसर राहिलेल्या पिसांना पावसाळ्यात जो वास येतो तो एकदा अनुभवला की पुन्हा तो प्रयोग करावासा वाटत नाही. किमतीचे तर बोलायलाच नको.

पिसांच्या रजईने मला कापडाकडे पाहायला लावले, हा मात्र तिचा मोठा उपयोग झाला. माइटची प्रथिने वाहून नेणारे कण साधारण दहा ते चाळीस मायक्रॉन आकाराचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यामुळे ज्या कापडाची छिद्रे दहा मायक्रॉनहून लहान आहेत ते कापड पुरेसे ठरते. मांजर पाळणाऱ्या घरात याहूनही घट्ट, सहा मायक्रॉनच्या आसपासचे कापड लागते. दुकानात छिद्रे मोजता येत नाहीत, पण दोन परीक्षा करता येतात. कापड उजेडासमोर धरावे. टिपक्या-टिपक्यांनी प्रकाश दिसला तर ते नको. मग ते ओठांना लावून फुंकर मारावी. हवा सहज पलीकडे गेली तर तेही नको, आणि मुळीच गेली नाही तर त्यात प्लास्टिकचा थर आहे असे समजावे, म्हणजे एप्रिलमध्ये त्याखाली घामाघूम होणार. किंचित जोर लावल्यावर हवा पार जावी, असे कापड शोधावे. धाग्यांच्या संख्येवर, म्हणजे ‘थ्रेड काउंट’वर फार विसंबू नये. हजार-बाराशेचे आकडे बहुधा पिळाच्या धाग्यातील प्रत्येक पदर स्वतंत्र मोजून काढलेले असतात. रविवार पेठेतल्या कापडगंजात एका वयस्क व्यापाऱ्यांनी मला दोनशे-अडीचशेचे साधे पर्केल, म्हणजे साध्या विणीचे सुती कापड, आणि सहाशेचे म्हणून विकले जाणारे साटिन शेजारी शेजारी उजेडासमोर धरून दाखवले. दोन्हींत पर्केलच घट्ट आहे, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

सर्वांत जास्त वापर आम्ही ज्याचा करतो, आणि जो मी निःशंकपणे सुचवते, तो म्हणजे पॉलिएस्टर भरणाचा मायक्रोफायबर कम्फर्टर. पण एक जाड कम्फर्टर नव्हे, दोन पातळ. एक १२० जीएसएमचा, जो बाजारात ‘एसी कम्फर्टर’ म्हणून मिळतो, आणि दुसरा २०० जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरमध्ये किती ग्रॅम भरण आहे, एवढेच. साठ इंच बाय नव्वद इंचांच्या सिंगल कम्फर्टरचे क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटरच्या आत येते. म्हणजे पहिल्यात सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास आणि दुसऱ्यात सातशे ग्रॅमच्या आसपास भरण असते, आणि कापडासकट प्रत्येक नग किलो-सव्वा किलोच्या घरात जातो. घरातल्या साडेसहा किंवा सात किलोच्या यंत्रात असा एक नग मोकळेपणाने फिरतो. याउलट १०८ बाय ९० इंचांचा, ३०० जीएसएमचा किंग आकाराचा कम्फर्टर घेतला तर एकट्या भरणाचेच वजन एक किलो नऊशे ग्रॅमच्या जवळ जाते. तो यंत्रात कसाबसा बसतो, पण फिरायला जागा उरत नाही, पाणी आतपर्यंत पोहोचत नाही, आणि मधला भाग कोरडाच बाहेर येतो. ॲलर्जीच्या घरात नवरा-बायकोनेही दोन सिंगल पांघरुणे वापरावीत असे मी म्हणते ते याच कारणाने. त्यातून ओढाओढीही वाचते.

विकत घेताना शिवण पाहावी. भरण सलग चादरीसारखे आणि चौकोनी टाक्यांनी धरलेले असेल, चौकोन वीतभराहून मोठे नसतील, तर ते गरम पाण्यातल्या धुण्यांनंतरही जागेवर राहते. सुट्या गोळ्यांचे भरण असलेला एक कम्फर्टर आम्ही घेतला होता. तो पहिल्या काही धुण्यांतच कोपऱ्यांत जमा झाला आणि मधोमध नुसते कापड उरले. सुईच्या छिद्रांतून कण आत-बाहेर करू शकतात, हे या शिवणीच्या रजईचे अंगभूत न्यून आहे. म्हणूनच ती वारंवार धुता येणे महत्त्वाचे ठरते. मायक्रोफायबरचे कापड मुळात बारीक धाग्यांचे आणि घट्ट असते, आणि साठ अंश तापमान त्याला सोसते. मात्र लेबलवरच्या टबाच्या चित्रात ६० हा आकडा असल्याशिवाय घेऊ नये, कारण आपल्या बाजारातील बऱ्याच कम्फर्टरांवर तीस किंवा चाळीसचाच आकडा असतो.

या कम्फर्टरचे दोषही सांगायला हवेत. पॉलिएस्टर घाम टिपत नाही. मार्चमध्ये अंगावर घेतल्यावर जो दमट उबारा जाणवतो तो कापसाच्या रजईत जाणवत नाही. थंडीच्या कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज साठते आणि अंधारात झटकला तर ठिणग्या दिसतात. त्यात धोका नाही, पण मुलांना गंमत वाटते आणि मोठ्यांना दचकायला होते. धुताना त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, ही पर्यावरणाच्या दृष्टीने टाळता न येणारी गोष्ट. शिवाय दोन-तीन वर्षांत भरण दबून ऊब घटते. यातील घामाचा दोष सुती खोळीने बराच कमी होतो, म्हणून आम्ही प्रत्येक कम्फर्टरला पर्केलचा सुती अभ्रा घालतो आणि दर आठवड्याला तोच तेवढा गरम पाण्यात धुतो. कम्फर्टर स्वतः महिन्या-दीड महिन्याने यंत्रात जातो.

दोन पातळ पांघरुणांची कल्पना इंग्लंडमध्ये फार रुळलेली आहे. तिथे रजईची ऊब ‘टॉग’ या एककात मोजतात. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये १९४०च्या दशकात ठरवलेले हे एकक कापडाच्या उष्णतारोधाचे आहे. म्हणजे पांघरुणातून उष्णता किती अडवली जाते, हे ते थेट सांगते. साडेचार टॉगची रजई उन्हाळ्यासाठी, नऊ ते साडेदहाची वसंत आणि शरदासाठी, साडेतेराची कडक हिवाळ्यासाठी, असा तिथला ढोबळ हिशेब आहे. ‘ऑल सीझन्स’ नावाने विकल्या जाणाऱ्या जोडीत साडेचार आणि नऊ टॉगच्या दोन रजया असतात. बटणांनी किंवा नाड्यांनी त्या एकमेकींना जोडल्या की साडेतेरा होतात. लंडन-बर्मिंगहॅमकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांनी ॲलर्जीच्या माणसासाठी हीच जोडी घ्यावी, पण दोन्ही भाग स्वतंत्रपणे साठ अंशांत धुता येतात का, हे आधी लेबलवर पाहावे. तिथल्या घरांत हिवाळ्यात खिडक्या बंद आणि कपडे खोलीतच वाळत घातलेले असतात, त्यामुळे ओलाव्याचा प्रश्न पुण्याच्या पावसाळ्याइतकाच खरा आहे.

आपल्याकडे टॉगचा आकडा क्वचितच छापलेला असतो, आणि जीएसएम हा त्याला पर्याय नाही. जीएसएम वजन सांगते, ऊब नाही. पोकळ तंतूंचे, फुललेले २०० जीएसएम भरण हवा अधिक धरून ठेवते, म्हणून ते दाबून बसवलेल्या २०० जीएसएम भरणाहून उबदार ठरते. दुकानात कम्फर्टरची घडी तळहाताने दाबून सोडावी. तो लगेच फुगून वर आला तर भरण चांगले. आमच्या दोन कम्फर्टरांच्या चार कोपऱ्यांना मी घरीच सुती नाड्या शिवून घेतल्या आहेत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पातळ कम्फर्टर किंवा नुसती दोहर, नोव्हेंबरला २०० जीएसएमचा, डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात दोन्ही एकत्र बांधून, फेब्रुवारीत पुन्हा एक, आणि उन्हाळ्यात मलमलीची तीन पदरी दोहर, असा आमचा वर्षाचा क्रम ठरला आहे. दोन्हींचा मिळून खर्च तीन हजार रुपयांच्या आत बसला, अभ्रे वेगळे.

रेशमाच्या आणि लोकरीच्या भरणाच्या रजयाही ‘नैसर्गिकरीत्या ॲलर्जीमुक्त’ म्हणून विकल्या जातात. दोन्ही अंगाला सुखद असतात, दोन्ही महाग असतात, आणि दोन्ही साठ अंशांत सहसा धुता येत नाहीत. माझ्या लेखी विषय तिथेच संपतो. धनगरी घोंगडी ही टिकाऊपणात आणि पावसापासून रक्षण करण्यात अजोड खरी, पण तिचा खरखरीत स्पर्श इसब असलेल्या त्वचेला सोसत नाही आणि गरम पाणी तिला चालत नाही.

गोधडीचा विचार मात्र जरा सावकाश करावा लागेल. जुन्या सुती साड्या आणि धोतरांचे पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेल्या गोधडीत भरणच नसते, त्यामुळे गुठळ्या होण्याचा, तंतू उडण्याचा प्रश्न येत नाही. सुती असल्याने ती उकळत्या पाण्याचे धुणेही सोसते. तीन-चार पदरांची पातळ गोधडी ॲलर्जीच्या माणसासाठी कम्फर्टरच्या तोडीची आहे, आणि घामाच्या बाबतीत त्याहून सरस. अडचण येते ती आठ-दहा पदरांच्या जाड वाकळीत. भिजल्यावर ती एकट्या माणसाला उचलत नाही आणि आतले पदर वाळायला वेळ लागतो. घरात शिवणारे हात असतील तर पातळ गोधड्या दोन शिवून घ्याव्यात, एक जाड नको. सोलापुरी चादर या हिशेबात सर्वांत सोपी: एकपदरी, धुवायला हलकी, पुण्याच्या निम्म्या वर्षाला पुरेशी. नवी असताना तिची लव निघते, म्हणून वापरण्याआधी ती दोन-तीनदा धुवावी.

रजईवरच्या शिक्क्यांविषयी थोडे. ‘हायपोअलर्जेनिक’ या शब्दामागे एकच सर्वमान्य कसोटी नाही; बहुधा त्याचा अर्थ ‘आत पिसे नाहीत’ एवढाच असतो, आणि पिसांचे खरे स्थान काय ते वर आलेच आहे. ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे प्रतिष्ठित चिन्ह आहे, पण ते कापडात अपायकारक रसायने मर्यादेबाहेर नाहीत एवढी ग्वाही देते. माइटशी त्याचा संबंध नाही. ‘अँटी-मायक्रोबियल’ किंवा ‘अँटी-माइट’ म्हणून विकला जाणारा रासायनिक लेप पुढे किती धुण्यांपर्यंत टिकतो, हे एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने ‘मॅडम, धुवायची गरजच पडणार नाही’ असे उत्तर दिले. त्या उत्तरानंतर तो कम्फर्टर मी घेतला नाही.

माइटरोधक खोळींबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. २००३मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, दम्याच्या प्रौढ रुग्णांना केवळ अशा खोळी देऊन विशेष फायदा झाला नाही. म्हणजे खोळ निरुपयोगी आहे असे नव्हे. पण रजईला खोळ घालून गादी, उशा आणि पडदे तसेच ठेवले तर फरक पडण्याची आशा धरू नये. पैसे मोजकेच असतील तर आधी उशीला आणि गादीला खोळ घालावी, कारण उशी-गादी सहसा धुता येत नाहीत; रजई धुण्याजोगी असेल तर तिला महागड्या खोळीची गरज नाही. आणि पांघरूण कोणतेही असो, डॉक्टरांनी दिलेले इनहेलर किंवा नाकातला फवारा त्याच्या भरवशावर बंद करू नये.

धुण्याच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण अशी की वरून कपडे टाकण्याच्या अनेक यंत्रांत पाणी तापवण्याची सोयच नसते. तिथे गिझरचे पाणी सोडून धुणे हा उपाय अर्धाच ठरतो, कारण फिरता फिरता पाणी निवते. ज्यांच्याकडे समोरून उघडणारे, आतून पाणी तापवणारे यंत्र नाही त्यांनी कम्फर्टर घेण्याआधी जवळपास ड्रायर असलेली लाँड्री आहे का ते पाहावे. ड्रायरची उष्णता माइट मारते. ड्रायक्लीनिंगने माइट मरतात, पण त्यांची प्रथिने धुण्याइतकी निघत नाहीत.

वाळवण्यासाठी मे महिन्याच्या उन्हासारखे ऊन नाही. गच्चीवर सकाळी टाकलेला पातळ कम्फर्टर दुपारपर्यंत कडकडीत वाळतो, आणि त्या उन्हाने, त्या कोरड्या हवेने उरलेसुरले माइटही संपतात. ऑक्टोबरमध्ये मात्र जरा जपावे. पावसानंतर मोकळ्या प्लॉटांवर गाजर गवत फुलते. भारतात त्याची पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली, आणि त्याच्या परागकणांची ॲलर्जी असलेली माणसे या शहरात पुष्कळ आहेत. अशा प्लॉटाशेजारच्या गच्चीवर दिवसभर टाकलेली रजई माइटपासून मोकळी आणि परागकणांनी भरलेली परत येते. त्या दिवसांत आम्ही ती बंद बाल्कनीत, पंख्याखाली वाळवतो.

साठवण मेअखेरीस करावी, पूर्ण वाळल्यावर, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, आणि शक्य तर वरच्या कपाटात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली दिवाणाची पेटी पावसाळ्यात ओलावा धरते. डांबराच्या गोळ्या दम्याच्या घरात मुळीच ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने श्वासनलिका चिडते. वेखंडाची पूड भुरभुरवणेही टाळावे, कारण ती स्वतःच शिंका आणते. थंडीच्या तोंडावर रजई बाहेर काढली की वापरण्याआधी एकदा धुवावी, ती कितीही स्वच्छ दिसली तरी.

मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी २०० जीएसएमच्या वाटेला जाण्याचे कारण नाही; तिथे वर्षाचा बहुतेक काळ हवा दमट आणि रात्री सौम्य असतात, म्हणून १२० जीएसएमचे दोन नग आलटून पालटून धुता येतील असे घ्यावेत, नाहीतर दोहर आणि पातळ गोधडी पुरे. नाशिक-निफाडकडे, जिथे थंडी पुण्याहून कडक पडते, २०० जीएसएमचे दोन घेऊन एकत्र बांधावेत. कम्फर्टर कुठलाही असला तरी वर्षातून एकदा तो खिडकीसमोर धरून पाहावा. चौकोनांच्या मधून उजेड ठिकठिकाणी आरपार दिसू लागला की भरण विरले असे समजून नवा आणावा.